अस्तित्वात नसलेल्या मुलीची पसंती

माझं काम काय आहे, हे मी आईला अनेकदा समजावून सांगितलं आहे. एखादी वेबसाइट लोकांसाठी उघडण्याआधी तिच्यावर एकदम किती माणसं आली तर ती तग धरेल आणि किती आली की बसेल, हे मी शोधून देतो. त्यासाठी खरी माणसं गोळा करणं परवडत नाही, म्हणून ती मी तयार करतो. मी एक प्रोग्राम लिहितो आणि तो शेकडो माणसं असल्यासारखा वागू लागतो. त्यातलं कुणी लॉगिन करतं, कुणी फॉर्म भरतं, कुणी पासवर्ड चुकवतं, कुणी पान उघडून नुसतंच बसून राहतं. साइटला ती सगळी खरी वाटतात. धंद्यात त्यांना आभासी वापरकर्ते म्हणतात. आई हे सगळं नीट ऐकून घेते आणि शेजारच्या बाईंना सांगते की मुलगा कंप्युटर दुरुस्त करतो.

रायपुरात या कामाला तोटा नाही. शहर राजधानी झाल्यापासून इथे प्रत्येक गोष्टीचं पोर्टल निघतं आणि प्रत्येक पोर्टलला उद्घाटनाच्या दिवशीच मान टाकण्याची धास्ती असते. आमचं ऑफिस शंकर नगरला, एका फर्निचरच्या दुकानाच्या वर. खाली लोक सोफ्यांवर बसून पाहतात, वर आम्ही साइट्सवर भार टाकून पाहतो. दोन्हीकडे प्रश्न एकच असतो.

आम्ही मूळचे वर्ध्याकडचे. बाबा रेल्वेत होते, बदलीवर रायपूरला आले आणि इथेच राहिले. ते गेल्यावर चौबे कॉलनीतल्या घरात आई आणि मी, दोघंच. मी तेव्हा पस्तिशी ओलांडलेली होती आणि लग्न झालेलं नव्हतं. का झालं नव्हतं, याला एक कारण नाही. ज्या मुली मला आवडल्या त्यांना रायपूर आवडलं नाही. ज्यांना रायपूर चालत होतं त्यांच्या पत्रिका आईला चालल्या नाहीत. मग स्थळं येणंच थांबलं. मला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. माझ्या वाट्याचं आईनं वाटून घेतलं.

आमच्या पोटसमाजाचं एक लहानसं मंडळ आहे. शहरातल्याच गुढियारी भागात किराण्याच्या एका गोदामावर भाड्याची खोली आहे, तिथे बैठका होतात. बहुतेक सभासद रेल्वेतून निवृत्त झालेले. मंडळ वर्षातून एकदा वधू-वर परिचय मेळावा घेतं, आणि काळाबरोबर राहायचं म्हणून मंडळानं एक वेबसाइटही काढली होती. ती बनवली होती सचिवांच्या नागपूरच्या पुतण्यानं. मेळाव्याच्या सकाळी दहाला साइट उघडणार, असं पहिल्या वर्षी जाहीर झालं. दहाला सगळ्यांनी एकदम बोट टेकवलं आणि साइट बसली. ती मेळावा संपेपर्यंत उठली नाही. सचिव काकांना हा अपमान फार लागला. रेल्वेच्या माल ऑफिसात त्यांनी आयुष्यभर वॅगन वेळेवर सोडल्या होत्या.

पुढच्या मेळाव्याच्या आधीच्या बैठकीत पुन्हा तोच विषय निघाला तेव्हा आई म्हणाली, "माझा पोरगा हेच काम करते." तिला माझं काम समजत होतं, हे मला असं दुसऱ्यांकडून कळलं.

सचिव काका घरी आले. चहा घेतला आणि म्हणाले, "बेटा, यावर्षी साइट बसली नाही पाहिजे. मागच्या वर्षी आपली इज्जत गेली."

मी म्हटलं, "काका, तपासून देतो. पण साइटची एक वेगळी नक्कल लागेल. खऱ्या साइटवर खोटी माणसं सोडत नाहीत."

"नक्कल कशाले? खरी साइटच रिकामी पडून आहे. मागचं सगळं पुसून टाकलं भतीज्यानं. एक नोंदणी नाही अजून. तू तुझी माणसं सोड, तमाशा पाहा, मग आपण झाडून-पुसून चालू करू."

यात नियमाला धरून काही नव्हतं, पण न पटण्यासारखंही काही नव्हतं. मी हो म्हटलं.

रविवारी दुपारी रिकाम्या ऑफिसात बसून मी मुली तयार केल्या. मुलंही केली, पण मुलांना फारसा वेळ लागला नाही. नावांची एक यादी, आडनावांची एक, शिक्षण, गाव, उंची, कुटुंब, छंद, अपेक्षा. प्रोग्राम यातून हवं तसं जुळवून घेतो. फोटोच्या जागी साइटवर एक करडी बाह्याकृती येत होती, ती तशीच ठेवली. मग त्यांनी काय करायचं ते लिहिलं. नोंदणी करायची, स्थळं शोधायची, एखादं उघडायचं, थोडं थांबायचं, आणि समोर येईल त्याला 'पसंती पाठवा' हे बटण दाबायचं. थांबायचं यासाठी की खरा माणूस थांबतो. न थांबता बटणं दाबणारी माणसं साइटला संशयास्पद वाटतात. किती थांबायचं हा आमच्या कामात गंभीर प्रश्न असतो. लग्नाच्या बाबतीत मी तो अंदाजानं सोडवला.

चाचणी सुरू झाली. थोड्या लोकांना साइटनं चांगलं वागवलं. मी माणसं वाढवत नेली तशी ती जड होत गेली, आणि मग अचानक गप्प झाली. शोध घेतला तर कारण पत्रिका निघालं. कुणीही कुणाचंही पान उघडलं की साइट मागच्या मागे त्याची पत्रिका समोरच्या बाजूच्या प्रत्येकाशी जुळवून पाहत होती, गुण मोजत होती, मंगळ पाहत होती. विचारलेलं नसताना. मी पुतण्याला फोन करून सांगितलं की पत्रिका फक्त कुणी मागितली तरच जुळव. त्यानं तासाभरात बदल केला. पुन्हा माणसं सोडली. या वेळी साइट शेवटपर्यंत उभी राहिली, इतकी की मला मागच्या मेळाव्यातल्या गर्दीच्या कितीतरी पट लोक घालूनही ती पाडता आली नाही.

मी सचिव काकांना कळवलं, "झालं काका. आता सगळं पुसा आणि मग उघडा."

"हव बेटा. पुसतो," काका म्हणाले.

आठवडा-दीड आठवडा गेला. एका सकाळी मी नाश्त्याला बसलो तर आई समोर मोबाइल धरून बसलेली, चष्मा नाकाच्या टोकावर.

"एक पोट्टी पाहून राहिली मी," ती म्हणाली. "मंडळाच्या साइटवर. इथलीच आहे, रायपूरची. एमेस्सी."

"तू साइटवर नाव घातलं माझं?"

"मी नाही घालणार तं कोण घालणार? काकानं लिंक पाठवली होती पहिल्याच दिवशी, ओळखीच्या लोकांले. तू आधी हे वाच."

मी वाचलं. शिक्षण, एमेस्सी. कुटुंब, पाच फूट दोन इंच. छंद, एकत्र कुटुंब. अपेक्षा, वाचन आणि बागकाम.

माझ्या यादीत कुठेतरी एक स्वल्पविराम जास्त पडला होता आणि उंचीपासून पुढचे सगळे रकाने एक घर सरकले होते. भार तपासण्यासाठी त्यानं काही बिघडत नाही. साइटला मजकुराचं वजन कळतं, अर्थ कळत नाही.

"आई, ही मुलगी नाही आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे ती नाहीच. ही मी बनवली आहे. त्या रविवारी ऑफिसात बसून."

आईनं चष्मा वर सरकवला. मग म्हणाली, "पसंत नाही तं सरळ नाही म्हण. आजपर्यंत काय-काय कारणं दिली तू. पोरगी दुनियेतच नाही, हे पहिल्यांदा ऐकलं."

"तिचे रकाने बघ ना. छंद एकत्र कुटुंब, असं कोण लिहितं?"

"तेच तं आवडलं मले. आजकाल कोणती पोट्टी असं लिहिते? अन् अपेक्षा पाहा. पगार नाही, फ्लॅट नाही. नवऱ्यानं वाचावं अन् झाडाले पाणी घालावं. फोटोही नाही लावला. चांगल्या घरची आहे." तिनं मोबाइल परत घेतला. "मी पसंती पाठवून दिली आहे तुझ्याकडून. उत्तर नाही आलं अजून."

 ती इतक्यात उत्तर देणार नाही, एवढं मला माहीत होतं.

ऑफिसात पोचल्यावर आधी सचिव काकांना फोन केला. ते जराही गडबडले नाहीत. झालं होतं असं की ज्या दिवशी मी चाचणी घेत होतो, त्याच दिवशी सकाळी, साइट बरोबर चालते का ते पाहायला म्हणून, त्यांनी दहा-वीस ओळखीच्यांना लिंक पाठवली होती. त्यांनी नोंदणी केली. त्याच दुपारी माझी माणसं आली. संध्याकाळी काकांनी पाहिलं तर साइटवर 'एकूण उपवर' या शब्दांपुढे असा आकडा होता, जो मंडळानं कधी स्वप्नातही पाहिला नव्हता. त्यांनी तो अध्यक्षांना दाखवला. अध्यक्षांनी तो सगळ्यांना सांगितला.

"आता पुसलं तं ओळखीचे लोकही पुसल्या जातील ना बेटा," काका म्हणाले.

"नाही जाणार. माझ्या माणसांचे ईमेल एकाच पद्धतीचे आहेत. लगेच वेगळे काढता येतात. मी पुतण्याला सांगतो."

 "मेळावा होऊ दे," ते म्हणाले. "मग पाहू. आकडा ऐकून लोक लिंक मागून-मागून नोंदणी करून राहिले. खऱ्या लोकांले खोट्याईनं आणलं, यात वाईट काय आहे?"

मी पुतण्याला फोन केला. त्यानं काकांना विचारलं आणि मग माझा फोन उचलणं बंद केलं. मी घरी आईला पुन्हा एकदा समजावलं. तिनं पुन्हा ऐकून घेतलं आणि मुलीच्या वडिलांचा फोन नंबर मिळतो का, ते काकांना विचारलं. काकांनी तिला सांगितलं, म्हणे, की त्या घरचे विचार करून राहिले आहेत.

मेळावा गुढियारीतल्याच एका मंगल भवनात होता. भिंतीपलीकडे रेल्वेचं यार्ड, त्यामुळे माइकवर बोलणाऱ्याला अधूनमधून डब्यांच्या धडकण्याचा आवाज संपेपर्यंत थांबावं लागायचं. मला दाराजवळ एक टेबल दिलं होतं. त्यावर लॅपटॉप उघडून मी साइटवर नजर ठेवायची, असं ठरलं होतं. आई ठेवणीतली साडी नेसून आली आणि मुलीचे आईवडील शोधायला आत निघून गेली.

दहा वाजले. काकांनी स्टेजवरून घोषणा केली की साइट आता सर्वांसाठी खुली आहे. मी पडद्याकडे पाहत बसलो. साइटवर चार माणसं होती. त्यातला एक मी. बाकी सगळे हॉलमध्ये एकमेकांच्या हातात कागद देत होते, मोबाइलवरचे फोटो बोटांनी मोठे करून दाखवत होते, आणि पोह्यांच्या काउंटरवर अशी झुंबड उडाली होती की वाढणाऱ्यानं झारा ठेवून दिला आणि हात वर केले. साइट दिवसभर ताठ उभी होती. पोह्यांची चाचणी कुणी घेतली नव्हती.

तेवढ्यात एक गृहस्थ टेबलापाशी आले. चाळिशीचे असतील. अंगावर नवा शर्ट, बाहीवर घडीच्या रेषा अजून गेल्या नव्हत्या. हातात पेढ्यांचा लहान डबा. लॅपटॉप पाहून त्यांना मी मंडळाचा कुणी अधिकारी वाटलो.

"नमस्कार. मी डोंगरगडहून आलो. तिथे शाळेत गणित शिकवतो," ते म्हणाले. "एका मुलीची पसंती आली होती मला. त्या आल्या आहेत का, एवढं पाहून सांगाल?"

त्यांनी मोबाइल पुढे केला. एमेस्सी, रायपूर. कुटुंब, पाच फूट दोन इंच.

यादीत ती सगळ्यात वर होती, एवढंच तिचं वैशिष्ट्य. लॅपटॉपचं झाकण लावावं आणि उठून जावं, असं मला क्षणभर वाटलं. पण ते पेढ्यांचा डबा टेबलावर ठेवू की नको, अशा विचारात उभे होते. मी त्यांना म्हटलं, "सर, जरा बाहेर येता?"

सायकल स्टँडजवळ दोन खुर्च्या होत्या. लॅपटॉप मांडीवर घेऊन मी त्यांना सगळं सांगितलं. माझं काम, ती चाचणी, काकांनी आधीच पाठवलेली लिंक, सरकलेले रकाने.  वर्गात एखादा मुलगा फळ्यावर गणित सोडवत असताना शिक्षक ऐकतात तसे ते ऐकत होते.

"म्हणजे बाई नाहीत," शेवटी ते म्हणाले.

"नाहीत."

"मला वाटलं, विनोदी स्वभावाच्या असतील. छंद एकत्र कुटुंब. मी वाचून एकटाच हसलो होतो." त्यांनी मोबाइल खिशात घातला. "पण पसंती तर त्यांच्याकडून आली. मी आधी पाठवली नव्हती."

"प्रोग्रामनं पाठवली. समोर जी मुलं होती, त्यातल्या कुणालाही एकाला. चिठ्ठी काढावी तशी."

"प्रत्येकाची संभाव्यता सारखी?"

"हो. अगदी सारखी."

"हे पहिल्यांदाच झालं," ते म्हणाले.

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणून मला ते जास्त लागलं. ते सांगू लागले की सहा-सात वर्षं ते निरनिराळ्या ठिकाणी नाव नोंदवत आले. दरवेळी आपण पसंती पाठवायची आणि उत्तराची वाट पाहायची. समोरून आलेली ही पहिली. डोंगरगडच्या स्टाफरूममध्ये त्यांनी ती कुणालाच दाखवली नव्हती. रात्री जेवण झाल्यावर त्यांनी उत्तर लिहिलं होतं, बरंच लांब.

"ते उत्तर कुठे गेलं?" त्यांनी विचारलं.

"तिच्या खात्यात आहे."

"तुम्ही वाचलं?"

"नाही. मी त्या खात्यात गेलोच नाही कधी."

"जाता येतं?"

येत होतं. सगळ्या आभासी मुलींचा पासवर्ड एकच होता. मी लॅपटॉपवर त्या मुलीच्या नावानं आत गेलो आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. तिच्याकडे पसंत्यांची चांगली रांग लागलेली होती. दुर्गचा एक इंजिनिअर होता, राजनांदगावचा एक दुकानदार, एकानं चार वेळा पाठवली होती. ज्या मुलींचा छंद विभक्त कुटुंब असा पडला होता त्यांना, मी नंतर पाहिलं, एकही आली नव्हती.

सर एकेक नाव खाली सरकवत होते. एका ठिकाणी ते थांबले, स्क्रीनकडे पाहिलं, माझ्या छातीवरच्या मंडळाच्या बिल्ल्यावरचं नाव पाहिलं.

"हे तुम्ही?"

"आईनं पाठवली," मी म्हटलं.

ते हसले. आधी नाकातल्या नाकात, मग चष्मा काढून डोळे पुसावे लागतील इतके. मलाही हसू आलं. स्टँडवर सायकल लावायला आलेल्या एका माणसानं आमच्याकडे पाहिलं आणि सायकल जरा लांब लावली.

हसणं थांबल्यावर सरांनी आपलं उत्तर शोधलं. ते त्यांनी उघडलं नाही. बाहेरूनच त्यावर खूण केली आणि पुसून टाकलं. मग बोट तसंच धरून विचारलं, "तुमचं ठेवू?"

"पुसा," मी म्हटलं.

मला वाटलं ते आता स्टेशनवर जातील. पण गाडीला वेळ होता आणि जेवणाचं कूपन घेतलेलं होतं. ते आत जाऊन बसले. दुपारी परिचयाचा कार्यक्रम सुरू झाला. एकेका उपवराला स्टेजवर बोलवायचं, माइक हातात द्यायचा, आणि सचिव काका ठरावीक प्रश्न विचारणार. सरांचं नाव पुकारलं तेव्हा ते शांतपणे वर गेले, शिक्षण सांगितलं, शाळा सांगितली. काकांनी विचारलं, "अपेक्षा?"

"फार नाहीत," सर म्हणाले. "मुलगी प्रत्यक्षात असावी."

हॉल हसला. लोकांना वाटलं, फोटो एक आणि माणूस दुसराच निघतो त्यावर बोलले. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. काका तेवढे हसले नाहीत. ते पुढचं नाव शोधू लागले.

आई माझ्या टेबलापाशी आली. सकाळपासून तिनं हॉलमधल्या अर्ध्या लोकांना त्या मुलीबद्दल विचारलं होतं, आणि दोन बायकांनी तर त्या घरच्यांना आपण ओळखतो असंही सांगितलं होतं.

"तो मास्तर असं काहून बोलला?" तिनं विचारलं.

"त्यालाच विचार."

ती खरंच गेली. मी लांबून पाहत होतो. सर उठून उभे राहिले, तिला खुर्ची दिली. दोघं बराच वेळ बोलत होते. सरांनी हातानं हवेत रकाने काढून दाखवले आणि ते कसे सरकले तेही दाखवलं. परत आली तेव्हा आईचा चेहरा पडला होता.

"खरंच नाही म्हणजे ती," ती म्हणाली.

"मी तुला तीनदा सांगितलं."

"तू सांगणं वेगळं. तो मास्तर आहे." ती खुर्चीत बसली, पदरानं वारा घेतला. म्हणाली, "अन् तिनं पसंती पाठवली तं डोंगरगडले. तू बनवली, आपल्या घरी बनवली, अन् तुले नाही पाठवली."

"ऑफिसात बनवली."

"तेच ते."

मंडळानं त्या मुली पुसल्या नाहीत. मी दोनदा लेखी कळवलं. शेवटी काकांनी त्यांच्या परीनं मार्ग काढला. साइटवर प्रत्येक नावापुढे 'विवाह जुळला' अशी खूण करण्याची सोय होती. तशी खूण केली की नाव शोधात दिसत नसे, पण एकूण आकड्यात राहत असे. काकांनी माझ्याकडून यादी मागवून घेतली आणि पुतण्याकडून एका झटक्यात सगळ्यांची लग्नं लावून टाकली. वार्षिक सभेत अहवाल वाचला गेला तेव्हा जुळलेल्या विवाहांच्या संख्येवर मोठ्या टाळ्या पडल्या. शेजारच्या एका जिल्ह्यातल्या मंडळानं काकांना मार्गदर्शनासाठी बोलावलं. काका जाऊन आले. तिथे काय मार्गदर्शन केलं, ते मी विचारलं नाही.

सरांशी मात्र ओळख राहिली. पेपर तपासायला रायपूरला आले की ते आमच्याकडे यायचे. आई त्यांना जेवायला घालायची आणि माझ्यासाठी पाहिलेली स्थळं त्यांना दाखवायची. "तुमचं जमलं की यालेही सुचेल," असं तिचं गणित होतं, आणि गणिताच्या शिक्षकांनी ते कधी तपासलं नाही. पुढच्या हिवाळ्यात त्यांचं जमलं. मुलगी गोंदियाची, सरकारी दवाखान्यात नर्स. त्यांच्या शाळेतल्या एका बाईंच्या नात्यातली. कुठल्याही साइटवर तिचं नाव नव्हतं.

आई आणि मी डोंगरगडला लग्नाला गेलो. सर फेट्यात फार वेगळे दिसत होते. नवरीला त्यांनी माझी ओळख करून दिली तेव्हा ती म्हणाली, "हो, यांनी सांगितलं मले तुमच्याविषयी," आणि इतकं मोकळं हसली की आई तिच्याकडेच पाहत राहिली. नवऱ्याकडची माणसं कमी होती म्हणून जेवणाच्या पंगतीत आईनं उठून वाढायला सुरुवात केली. कुणी तिला नात्यानं कोण म्हणून विचारलं, तर ती म्हणाली, "यांचा अन् आमचा एकाच ठिकाणाहून नकार आहे."

परतीच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली. राजनांदगाव गेल्यावर आईनं पर्समधून मोबाइल काढला आणि माझ्यापुढे धरला. बिलासपूरची एक मुलगी होती, बँकेत. फोटो होता. रकाने जागच्या जागी होते.

"मी आधी फोन करून पाहिला," आई म्हणाली. "उचलला तिनं. बोलली माझ्याशी."

मी म्हटलं, "जाऊ."

पुढच्या रविवारी आम्ही बिलासपूरला गेलो. मुलगी होती. आईवडील होते, एक भाऊ होता, दारात लावलेली झाडंही होती. तिनं स्वतः चहा आणला, आम्ही दोघं गच्चीत जाऊन बोललो, चांगलं बोललो. मला ती आवडली. चार-पाच दिवसांनी तिच्या वडिलांचा फोन आला. मुलीनं विचार केला, म्हणाले, आणि तिचा नकार आहे.

आईनं फोन ठेवला. मला वाटलं आता दोन दिवस घरात बोलणं नाही.

"उत्तर तं आलं. बोलायलेही सभ्य आहेत," ती म्हणाली, आणि भाजी चिरायला बसली.